फुकट इंटरनेट नको म्हणणारे इंजिनिअर : फ्री बेसिक्सचं प्रकरण

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक आटोपशीर नियमावली काढली. मोबाइल कंपनीने एका साइटचा डेटा फुकट, दुसरीचा स्वस्त आणि तिसरीचा महाग असा भेद करायचा नाही. केला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीनच दिवसांनी फेसबुकने मोजक्या साइट फुकट देणारी भारतातली ‘फ्री बेसिक्स’ सेवा गुंडाळली. वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन झाल्या होत्या, खुद्द मार्क झुकरबर्ग मैदानात उतरला होता. समोर होते नोकऱ्या सांभाळून रात्री जागणारे काही प्रोग्रामर, वकील, पत्रकार आणि स्टार्टअपवाले. तरीही फेसबुक हरलं.

विजयाच्या कौतुकासाठी मी हे प्रकरण पुन्हा उघडत नाहीये. तंत्रज्ञान क्षेत्रातली माणसं मोठ्या भांडवलाकडे कशी बघतात, कशावर चिडतात आणि काय सहज पचवतात, हे आपल्याकडे इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. या मंडळींचा राग भांडवलदारांवर नव्हता, वाट अडवून बसणाऱ्यावर होता. म्हणून तर लढा जिंकता आला, आणि म्हणूनच जिंकल्यानंतर तो राग कुठे दिसेनासा झाला.

आधी एअरटेल

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की स्काइप, व्हायबर यांवरचे कॉल नेहमीच्या नेटपॅकमध्ये धरले जाणार नाहीत. थ्रीजीवर दर १० केबीला ४ पैसे आणि टूजीवर १० पैसे वेगळे मोजायचे. पॅकचे पैसे आम्ही भरलेत, त्यातून काय करायचं ते आमचं आम्ही बघू, असं ग्राहकांचं म्हणणं पडलं. ओरड इतकी झाली की वर्ष संपायच्या आत कंपनीने पाय मागे घेतला. पण मोबाइल कंपन्यांचं दुखणं खरं होतं. व्हॉट्सॲपने एसएमएसची कमाई खाल्ली होती, आता कॉलची जाणार हे दिसत होतं, आणि स्पेक्ट्रमच्या लिलावात घातलेला पैसा वसूल व्हायचा होता.

मग २७ मार्च २०१५ ला ट्रायने चर्चेसाठी एक दस्तऐवज काढला. ११८ पानं, २० प्रश्न, सगळं सरकारी इंग्रजीत. इंटरनेटवरून सेवा देणाऱ्या ॲपना परवाना लावायचा का, त्यांच्याकडून मोबाइल कंपन्यांना पैसे मिळावेत का, असा एकूण रोख. लोकांना मत द्यायला २४ एप्रिलपर्यंत मुदत.

एवढं वाचणार कोण? इथे या मंडळींची कामाची पद्धत उपयोगी पडली. कुणी ११८ पानांचा गोषवारा केला, कुणी वीस प्रश्नांची उत्तरं लिहायला घेतली, वकिलांनी ती तपासली, आणखी कुणी ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाची साइट उभी केली. तिथे दोन-चार क्लिक केले की ती उत्तरं तुमच्याच ईमेलवरून ट्रायकडे रवाना. हवं तर त्यात बदल करा. ओपन सोर्सचं काम असंच चालतं: तुकडे पाडायचे, ज्याला जे जमेल ते त्याने उचलायचं, चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करायची. ११ एप्रिलला एआयबीच्या विनोदी मंडळींनी हाच विषय सोप्या भाषेत व्हिडिओतून मांडला आणि तो घराघरांत गेला. मुदत संपेपर्यंत दहा लाखांवर ईमेल जमले. ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकून दिले, ही चीड वेगळीच.

त्याच दिवसांत, ६ एप्रिलला, एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ आणलं. ॲपवाल्या कंपनीने एअरटेलला पैसे द्यायचे, मग ते ॲप वापरताना ग्राहकाचा डेटा कापला जाणार नाही. वरवर पाहता कुणाचंच नुकसान नाही. पण टोलनाक्याने एकाच ट्रॅव्हल कंपनीच्या गाड्या फुकट सोडायला सुरुवात केली, तर वर्षभरात त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाची गाडी दिसेल का? ज्याच्याकडे भरायला पैसे आहेत त्याचं ॲप फुकट, आणि कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दोन मित्रांनी बनवलेलं ॲप बॅलन्स खाणारं.

फ्लिपकार्टची एअरटेलशी बोलणी चालू आहेत हे बाहेर आलं, आणि पुढचे काही दिवस फार बोलके होते. आयआयटी दिल्लीच्या दोन पोरांनी २००७ मध्ये बंगळूरात सुरू केलेली ही कंपनी म्हणजे भारतीय इंजिनिअरांचा अभिमान. त्याच इंजिनिअरांनी प्ले स्टोअरवर जाऊन फ्लिपकार्टच्या ॲपला एकेक तारा द्यायला सुरुवात केली. रेटिंगखाली ॲपच्या दर्जाबद्दल अक्षर नाही, सगळा मजकूर नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या साइटना सारखं वागवा या तत्त्वाचा. फ्लिपकार्टचे सहसंस्थापक सचिन बन्सल यांनी आधी बाजू मांडून पाहिली. परदेशी कंपनीने हेच केलं तर त्याला नवकल्पना म्हणता आणि भारतीय कंपनीने केलं की उल्लंघन, अशा आशयाचं त्यांनी ट्विट केलं. मुद्द्यात तथ्य होतं. पण स्वदेशीचं ते कार्ड अजिबात चाललं नाही. १४ एप्रिलला फ्लिपकार्टने बोलणी थांबवल्याचं जाहीर केलं.

मला या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतो. फेसबुकला झालेला विरोध म्हणजे परदेशी कंपनीबद्दलचा आकस, असं पुढे बरेच जण म्हणाले. पण फेसबुकचा नंबर लागायच्या आधीच या लोकांनी आपल्या घरच्या लाडक्या कंपनीला झोडपलं होतं.

फेसबुकचं दार

फ्री बेसिक्सचं आधीचं नाव इंटरनेट डॉट ऑर्ग. झुकरबर्गने त्याची घोषणा २०१३ मध्येच केली होती. भारतात ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आलं. सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्रही होता. रिलायन्सचं सिम असेल तर तीसेक साइट फुकट. त्यात फेसबुक अर्थातच होतं, विकिपीडिया होता, शोधायला बिंग होतं. गूगल नव्हतं. एप्रिलच्या गदारोळात प्रवासाची तिकिटं विकणारी क्लियरट्रिप यातून बाहेर पडली, एनडीटीव्हीनेही अंग काढून घेतलं.

फेसबुकने मे महिन्यात दार जरा मोठं केलं. आमच्या तांत्रिक अटी पाळा आणि कुणीही या, असं आवाहन केलं. प्रोग्रामर मंडळींनी त्या अटी ओळ न् ओळ वाचल्या. व्हिडिओ चालणार नाही, इंटरनेट कॉल चालणार नाही, मोठी छायाचित्रं नकोत, जावास्क्रिप्ट नको. सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमधून. सुरुवातीला तर एचटीटीपीएससुद्धा नव्हतं, म्हणजे वाचणाऱ्याची माहिती वाटेत उघडी. सामान्य वाचकाला हे बारीकसारीक वाटेल, पण ज्याने आयुष्यात एक तरी साइट बनवली आहे त्याला लगेच कळतं की यातून इंटरनेट वजा झालेलं आहे. पीक-पाण्याची जी माहिती आज खेडोपाडी लोक यूट्यूबवर बघून घेतात, तिला इथे जागाच नव्हती. त्याच महिन्यात जगभरच्या साठहून अधिक डिजिटल हक्क संघटनांनी झुकरबर्गला खुलं पत्र लिहून हेच आक्षेप नोंदवले. सप्टेंबरमध्ये नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झालं आणि सुरक्षिततेची त्रुटी काही अंशी भरून निघाली.

सप्टेंबरच्या अखेरीस पंतप्रधान मोदी फेसबुकच्या मुख्यालयात गेले. डिजिटल इंडियाला पाठिंबा म्हणून झुकरबर्गने आपल्या प्रोफाइल फोटोवर तिरंग्याची छटा चढवली आणि लाखो भारतीयांनी त्याचं अनुकरण केलं. तेव्हा कुणीतरी त्या पानाचा सोर्स कोड उघडून पाहिला. फोटो बदलण्याच्या त्या सोयीला कोडमध्ये दिलेलं नाव होतं ‘इंटरनेटऑर्गप्रोफाइलपिक्चर’. म्हणजे तिरंगा लावणारा प्रत्येक जण नकळत इंटरनेट डॉट ऑर्गला पाठिंबा देतोय की काय, अशी शंका वणव्यासारखी पसरली. एका इंजिनिअरने चुकून ते नाव वापरलं, याचा त्या योजनेशी संबंध नाही, असा खुलासा कंपनीने केला आणि नाव बदललं. मला तो खुलासा खरा वाटतो. घाईत काहीतरी नाव देऊन टाकणं हे प्रोग्रामर रोज करतात. पण तोवर विश्वास इतका उडाला होता की कंपनीच्या शब्दापेक्षा कोडमधला शब्द लोकांना खरा वाटत होता.

झुकरबर्गचा गणेश

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने दुसरा दस्तऐवज काढला. या वेळी मुद्दा एकच: वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे दर लावू द्यायचे का? त्याच महिन्यात रिलायन्सला फ्री बेसिक्स तूर्त थांबवायलाही सांगितलं. फेसबुकने मग सगळी ताकद लावली. तेव्हा भारत ही फेसबुकची अमेरिकेखालोखाल सर्वांत मोठी बाजारपेठ होती. लॉग-इन केलं की नोटिफिकेशन: तुमच्या अमुक मित्राने फ्री बेसिक्स वाचवण्यासाठी ट्रायला लिहिलं आहे, तुम्हीही लिहा. मजकूर तयार, फक्त बटण दाबायचं. अनेकांनी काय दाबतोय ते न वाचताच दाबलं. एप्रिलमध्ये सेव्ह द इंटरनेटने जी युक्ती केली तीच ही युक्ती, असं फेसबुकची बाजू घेणारे म्हणत. फरक मजकुरात होता. एप्रिलच्या पत्रांत वीस प्रश्नांची उत्तरं होती. डिसेंबरच्या पत्रांत ट्रायने विचारलेल्या प्रश्नांचं उत्तरच नव्हतं, फ्री बेसिक्स चांगलं आहे एवढंच होतं. जानेवारीत ट्रायने फेसबुकला पत्र लिहून सुनावलं की तुम्ही गंभीर सल्लामसलतीचं रूपांतर घडवून आणलेल्या जनमत कौलात करून टाकताय.

२८ डिसेंबरला टाइम्स ऑफ इंडियात झुकरबर्गचा लेख आला. सार्वजनिक वाचनालयात सगळी पुस्तकं नसतात तरी ती उपयोगी असतात, सरकारी दवाखान्यात सगळे उपचार नसतात तरी जीव वाचतात, असा त्याचा युक्तिवाद. आणि मग महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी. फ्री बेसिक्सवर तो हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नव्या पिकांत आणि जनावरांत पैसे घालतोय. गणेशने शेती नीट केली तर इंटरनेटचं काय बिघडतं, असा लेखाचा सवाल.

त्या वर्षी मराठवाडा सलग दुसऱ्या दुष्काळात होता. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वेळी इथल्या शेतकऱ्याची अडचण हवामानाचं पान न उघडण्यापुरती दाखवणं मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पण सवाल टाळण्यासारखा नव्हता. त्याच वर्तमानपत्रात सेव्ह द इंटरनेट चळवळीतले पत्रकार निखिल पाहवा यांनी उत्तर दिलं. पर्याय आहेत, एअरसेल नव्या ग्राहकांना काही महिने ६४ केबीपीएसच्या वेगाने पूर्ण इंटरनेट फुकट देतंय, मग अर्धवट इंटरनेटच का, असा त्यांचा मुद्दा. वाचनालयाच्या दाखल्यालाही उत्तर होतं. पुस्तकं कुणी निवडायची आणि कोण काय वाचतं याची नोंद कुणाकडे राहणार, हा खरा प्रश्न. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनीही फ्री बेसिक्सला विरोध केला आणि गॅसच्या सबसिडीसारखा डेटाही थेट माणसाच्या हातात द्या, तो कुठे वापरायचा ते त्याला ठरवू द्या, अशी सूचना मांडली. या सगळ्या वादात मला सगळ्यात पटलेली सूचना हीच.

एका बाजूला कोण कोण होतं

ट्रायच्या निकालापूर्वीच्या दोन महिन्यांत विरोधकांची यादी बघितली तर आश्चर्य वाटतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतले डावे कार्यकर्ते, जे रस्त्यावर फलक घेऊन उभे राहिले आणि याला डिजिटल वसाहतवाद म्हणाले. आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक. घटनेचा अभ्यास असलेले तरुण वकील. आणि स्टार्टअपचे संस्थापक, ज्यांचा डाव्या विचाराशी काडीचा संबंध नव्हता. पेटीएमचे विजय शेखर शर्मा यांनी तर थेट ईस्ट इंडिया कंपनीची आठवण काढली. तीही असंच दान घेऊन आली होती, म्हणाले. त्या वेळी पेटीएममध्ये चीनच्या अलिबाबा समूहाचा सुमारे ४० टक्के वाटा होता.

कुणाला उघडं पाडायला मी हे सांगत नाही. या आघाडीला बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती: नव्या माणसाला बाजारात शिरायची वाट मोकळी हवी. ट्रायसमोर मांडलेली भाषा स्पर्धेची, नवनिर्मितीची, ग्राहकाच्या निवडीची होती. नियामकाला ती समजते, ती पटवणं सोपं जातं. ट्रायने निकालाच्या कारणांत म्हटलं ते थोडक्यात असं की देशातले बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर आलेलेच नाहीत, अशा वेळी त्यांचं इंटरनेट कसं असावं हे मोबाइल कंपन्यांना ठरवू देणं धोक्याचं आहे. नफा किती असावा, एका कंपनीने किती मोठं व्हावं, हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. विचारले असते तर अर्धे सहकारी दुसऱ्या दिवशी निघून गेले असते.

जुन्या गोष्टींकडे पाहिलं की हेच दिसतं. २०१३ मध्ये गूगलने एअरटेलबरोबर ‘फ्री झोन’ काढलं होतं, त्यात गूगलच्याच काही सेवा फुकट होत्या. कॉलेजातली मुलं तेव्हा सर्रास व्हॉट्सॲपचा, फेसबुकचा वेगळा स्वस्त पॅक मारत. तत्त्वाने बघितलं तर हा भेदभावच, आणि २०१६ च्या नियमाने तोही बंद झाला. पण त्यावर तेव्हा कुणी पेटून उठलं नव्हतं, कारण त्यातून आपला धंदा बुडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

निकालानंतर फेसबुकच्या संचालक मंडळावरचे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी ट्विट केलं की वसाहतवादविरोधाने भारताचं दशकानुदशकं आर्थिक वाटोळंच केलं आहे, मग आता कशाला थांबायचं. संताप उसळला, ट्विट काढलं, माफी मागितली, झुकरबर्गनेही हात झटकले. सिलिकॉन व्हॅलीत काही लोक गरीब देशांबद्दल काय मानतात ते त्या दिवशी उघड्यावर आलं. पण एक गैरसमजही पक्का झाला. अँड्रीसनला वाटलं हे सगळे भांडवलशाहीचे शत्रू आहेत. प्रत्यक्षात त्यांतल्या निम्म्यांना त्याच्यासारख्याच गुंतवणूकदाराचा चेक हवा होता.

नंतर

सात महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आलं. पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट. नियमाला धक्का नाही, कारण सगळ्या साइट सारख्याच फुकट. २०१५ मध्ये एका जीबीला सरासरी २२६ रुपये पडत, ते २०१८ मध्ये १२ च्या आत आले. गणेशच्या सवालाचं उत्तर अखेर हे निघालं, आणि ते मोठं उत्तर आहे. कोट्यवधी लोकांना पूर्ण इंटरनेट मिळालं, व्हिडिओसकट. फ्री बेसिक्स रोखलं नसतं तर कदाचित त्यांच्यातल्या अनेकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट ठरलं असतं. म्हणून तो लढा योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच काळात बाजार रिकामा झाला. फ्री बेसिक्सची भागीदार रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेली, एअरसेल बुडाली, टाटांचा मोबाइल धंदा आणि टेलिनॉर एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. जिओ तोट्याच्या दराने विकून बाजार काबीज करतंय ही एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये फेटाळली. तंत्रज्ञान मंडळींनी त्याकडे दोन कंपन्यांचं भांडण म्हणून बघितलं. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, मुक्त इंटरनेटवाल्यांना ते यश पुरेसं वाटलं. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये घालून जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के वाटा घेतला. चार वर्षांपूर्वी ज्या कंपनीला दाराबाहेर ठेवलं, ती आता देशातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीत भागीदार. काही अभ्यासकांनी आणि २०१६ मध्येच या चळवळीतून उभ्या राहिलेल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्थांनी असे प्रश्न लावून धरले. दहा लाख ईमेल मात्र कुणी पाठवले नाहीत. उलट स्टार्टअपवाल्यांच्या वर्तुळात भारतीय कंपनीचं मूल्यांकन वाढल्याचा आनंदच जास्त होता.

हे ढोंग नव्हे. ज्या गोष्टीवर राग होता ती गोष्ट इथे नव्हतीच. कुणाची साइट अडली नव्हती, कुणाच्या ॲपला जादा दर लागला नव्हता. मालकी एकवटण्याविरुद्ध बोलायला शब्दच तयार झालेले नव्हते, कारण २०१५ मध्ये त्यांची गरज पडली नव्हती. मला वाटतं तेव्हा आघाडीतल्या डाव्या मंडळींचं थोडं अधिक ऐकायला हवं होतं. त्यांची भाषा जड होती, घोषणा जुन्या होत्या, पण वाट कुणाच्या मालकीची आहे हा प्रश्न तेच विचारत होते.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी एका दिवसाच्या अंतरात रिचार्जचे दर वाढवले, बरेच पॅक १० ते २५ टक्क्यांनी. दर ठरवायची मोकळीक ट्रायने कंपन्यांनाच दिलेली आहे, त्यामुळे नियम कुणीच मोडला नाही. त्या दरवाढीवर प्रश्नोत्तरं तयार करून देणारी, दोन क्लिकमध्ये ट्रायला ईमेल पाठवणारी साइट माझ्या पाहण्यात आली नाही. त्या महिन्यात लाखो ग्राहक नंबर पोर्ट करून बीएसएनएलकडे गेले, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या गावात फोरजीचा टॉवर अजून सुरू व्हायचा आहे हे तिथे गेल्यावर कळलं.